सोनं सोडवायच्या आधी

पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलवर बसलं की गावातल्या घरांचं बरंच काही न विचारता कळतं. पेरणीला, फीला, दवाखान्याला सोनं येतं आणि ऊसबिल जमा झालं की सुटतं. अलीकडे मात्र वेगळीच गहाणं येतात. तिशीच्या आतला मुलगा, बायकोच्या नाहीतर आईच्या पाटल्या, कारण विचारलं तर "घरखर्च". पाटल्या सुटतात, महिन्याभरात परत येतात, पुढच्या खेपेला सोबत गंठण असतं. सराफ कसोटीवर दागिना घासत असतो तेव्हा पोराचं लक्ष मोबाइलमध्ये.

माझा मावसभाऊ त्यांतलाच. त्याला विचारूनच हे लिहितेय. आधी मोबाइलवरची रमी, मग क्रिकेटचा सट्टा. त्याच्या खात्याचा उतारा आम्ही दोघांनी मिळून वाचला. रात्री एक ते चारच्या दरम्यान दोनशे, पाचशे, दोन हजार अशा यूपीआयच्या ओळीच ओळी. मध्येच आठ हजारांची एक जमा. नेमकं तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ताई, हे बघ, जिंकलोही होतो." उजाडायच्या आत ते आठही हजार त्याच ॲपवर परत गेले होते. गेलेलं आजच्या आज भरून काढायचं, हीच ती ओढ. आणि अधूनमधून, कधी ते सांगता येणार नाही असं काहीतरी हाती लागत राहतं, म्हणून माणूस उठत नाही. सलग हरला असता तर कदाचित उठला असता.

जुगाराचं हे व्यसन म्हणजे आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली त्याला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांबरोबर नेऊन बसवलं. "रमी तर डोक्याचा खेळ, कोर्टानेच सांगितलंय" हे मी खूपदा ऐकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तसं म्हटलंही आहे. पण पहाटे तीनला उसन्या पैशावर खेळणाऱ्याच्या घरात त्या निकालाने काय फरक पडतो? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून डॉक्टरांपाशी बोलायला घाबरू नका. ॲप बंद झाली म्हणून सवय सुटत नाही. टेलिग्रामवर लिंका फिरतात, आणि मटक्याचा ओपन-क्लोज तर १९६० च्या दशकापासून चालू आहे.

घरात कळलं की पहिला विचार एकच: कर्ज फेडून टाकू, सोनं सोडवू, गाजावाजा नको. मावशीनेही शेतीचा तुकडा काढायची तयारी केली होती. मी विरोध केला, आणि प्रत्येक घराला हेच सांगते. उपचार सुरू नसताना कर्ज फेडलं की त्याची उधारीची मर्यादा मोकळी होते आणि तो पुन्हा उचलतो. फेडायचं आहेच, पण आधी सिबिल रिपोर्ट, म्हणजे त्याच्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कार्डं आणि नोंदणीकृत कंपन्यांची ॲपवरची कर्जं त्यात दिसतात. सावकाराचे आणि मित्रांचे हातउसने दिसत नाहीत, त्यांची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्या. भावाची यादी दुसऱ्या बैठकीत लांबली, तिसरीत आणखी.

त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. भाऊ बोलला, आणि ते ऐकल्यावर मी त्याला एकटा सोडला नाही.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. परवाना नसलेला सावकार असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे; सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्या.

दिवाळीत घरात पत्ते खेळणाऱ्यांना किंवा गोव्याला कॅसिनोत जाणाऱ्यांना मी अडवत नाही. घरातून निघतानाच ती रक्कम खर्चात धरा, तेवढीच रोकड न्या, कार्ड खोलीवर ठेवा. हरलेलं परत मिळवायला बसू नका. किती गेले हे घरी खोटं सांगावंसं वाटलं, तर ती धोक्याची खूण समजा. गोवा सरकारनेही २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली आहे, ती उगीच नाही.

भावाचा पगार आता वहिनीच्या खात्यावर जातो, त्याच्याकडे आठवड्याची रोकड असते. समुपदेशनात हात कधी शिवशिवतो ते तो लिहून नेतो: पगाराचा दिवस, मॅचची संध्याकाळ, वहिनी माहेरी गेलेली रात्र. मध्ये एकदा घसरला. स्वतःहून वहिनीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पंधरा दिवसांची भेट पुन्हा आठवड्यावर आणली आणि आयपीएल संपेपर्यंत त्याला साधा बटनांचा फोन वापरायला सांगितलं.