अकरा लिटरसाठी पावणेतीन तास

रात्री साडेनऊला मेसेज आला: "उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही, आत्ताच भरून घ्या." कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नाही. असल्या मेसेजना आपण फसत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता. गाडीची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तरी दहा मिनिटांत मी चपला अडकवून खाली.

रांगेत पावणेतीन तास गेले, तेही बहुतेक वेळ इंजिन चालू ठेवून. पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला अर्धा ते एक लिटर पिते, हे नंतर वाचलं. नंबर आला, नोझल लावलं आणि थोड्याच वेळात खट् करून बंद पडलं. मीटरवर ११.४ लिटर. माझ्या मागे पार्सल पोचवणारा एक मुलगा बाइक ढकलत आणून उभा होता. त्यानं आधी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही. त्याला पेट्रोल मिळालं, पण त्याच्यानंतर तीन-चार गाड्या झाल्या आणि 'साठा संपला'ची पाटी लागली.

ती नजर काही डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसलो. समजा, टाकी ४० लिटरची आहे आणि माणूस १० लिटर उरले की आठवड्यातून एकदा फुल करतो. म्हणजे एरवी एका दिवसात सातातली एक गाडी पंपावर येते आणि ३० लिटर नेते. आता अफवेमुळे सगळ्या गाड्या दोनच दिवसांत आल्या, तर गर्दी होते साडेतीनपट. पण या गाड्यांनी सरासरी आठवड्याचं निम्मंच पेट्रोल वापरलेलं असल्यानं प्रत्येकीत मावतं १५ लिटर, म्हणजे विक्री वाढते जेमतेम पावणेदोनपट. रांग दिसते त्याच्या निम्मीच खरी मागणी. पण पंप भरायला येणारे टँकर रोजच्या खपाच्या हिशेबानं येतात, पावणेदोनपट खपाला पुरणार कुठून? संध्याकाळपर्यंत पंप कोरडा, आणि मेसेज पाठवणारा म्हणायला मोकळा, "बघा, मी सांगत होतो ना!"

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये जवळपास हेच घडलं. इंधन होतं, टँकर चालवणारे ड्रायव्हर कमी होते. मोजके पंप बंद ठेवावे लागतील अशी बातमी आली आणि त्या शनिवार-रविवारी निम्मा देश रांगेत. शेवटी टँकरवर सैनिक बसवावे लागले.

आमच्या ग्रुपवर तोवर दोन तट पडले होते. एक म्हणे, लोक घाबरट आणि स्वार्थी. दुसरा म्हणे, सगळे भरतायत तर मी एकट्यानं शहाणपणा करून रिकाम्या टाकीनं बसू का? मला दुसऱ्याचं म्हणणं पटतं, आणि अडचण तीच आहे. एकेकाचा हिशेब बरोबर असतो, सगळ्यांचा मिळून चुकतो. "घाबरू नका" असं सांगून काही होत नाही. ते ऐकूनच मी आणखी घाबरतो. नियमाचा मात्र उपयोग होतो. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या काही राज्यांनी सम-विषम नंबरांबरोबर किमान खरेदीची अट घातली होती, म्हणजे दोन-तीन लिटरची जागा भरायला कोणी येऊ नये. 'एका गाडीला इतकंच' ही मर्यादा ऐकायला न्याय्य वाटते, पण नुसती तेवढीच लावली तर माणूस परवा पुन्हा रांगेत. श्रीलंकेत २०२२ मध्ये तुटवडा खरा होता. तिथं क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटाच ठरवला, सुरुवातीला दुचाकीला ४ आणि कारला २० लिटर. तिथल्या रांगांना अफवा म्हणणं हा अपमान ठरेल.

शेजारच्या काकांनी दोन पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल आणून बाल्कनीत ठेवलं होतं. जिन्यापर्यंत वास. "काका, याची वाफ जमिनीलगत पसरते, लांबची ठिणगीही पुरते," असं सांगितल्यावर आधी चिडले. मग आम्ही दोघांनी ते फनेलनं त्यांच्या स्कूटरमध्ये ओतलं, त्यात निम्मं त्यांच्या पँटवर.

बाकीचा आठवडा तसा सोपा गेला. टाकी किती भरलीय हे बघणं सोडलं आणि लागणार किती ते मोजलं. आईची फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, येऊन-जाऊन ३६ किलोमीटर. माझी गाडी लिटरला १५ देते, म्हणजे भरल्या टाकीत ६०० किलोमीटर. नुसत्या आईच्या फेऱ्या आठ आठवडे झाल्या असत्या! ऑफिसला तिघं एका गाडीत जायला लागलो (एकाची गाणी सहन करावी लागली). टायरमध्ये हवा भरली, डिकीतलं वर्षभराचं सामान उतरवलं, मोकळ्या रस्त्यावरही वेग ऐंशीच्या खाली ठेवला.

आठव्या दिवशी त्याच पंपावरून गेलो. एकही गाडी नव्हती. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या, येणार कोण? माझा काटा अर्ध्याच्या जरा वर होता, तरी हात इंडिकेटरवर गेलाच. पंपावरचा मुलगा खुर्चीत बसूनच ओरडला, "या साहेब, आता भरा की निवांत!"

मी इंडिकेटर बंद केला आणि आईला घ्यायला गेलो. तिथंही उशीर झालाच होता.