मित्र ताऱ्याकडे नेम कसा धरायचा

मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहा-अकराला मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) वांगणीहून दक्षिणेला जेमतेम 10 अंश वर येतो. ठाण्यात तो इमारतींमागे दडतो. पण दिसला तरी तिथे तो नसतो. तो प्रकाश 4.37 वर्षांपूर्वीचा.

समजा, मित्राकडे यान पाठवायचंय आणि त्याचा वेग प्रकाशाच्या एक दशांश. प्रवास 44 वर्षांचा. प्रकाशाचा उशीर धरला तर हिशेब 48 वर्षांचा करायचा. मित्र आकाशात दर वर्षी 3.7 विकला सरकतो, म्हणजे एकूण जवळपास 3 कला (60 विकलांची एक कला, 60 कलांचा एक अंश). दिसतोय तिथेच नेम धरला तर यान पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 240 पट लांबून निघून जाईल. शिवाय तो सेकंदाला 22 किमी वेगाने आपल्याकडेही येतोय, तेव्हा ब्रेक कधी लावायचा तेही बदलतं. आणि मित्र म्हणजे मुळात जोडी, 80 वर्षांत एकमेकांभोवती फिरणारी. नेम दोघांच्या गुरुत्वमध्यावर धरावा. (ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया या अंतराळ दुर्बिणीच्या यादीत ही जोडी शोधू नका. त्या कॅमेऱ्यांना ती फार तेजस्वी ठरली.)

दिशेत एका विकलेची चूक म्हणजे मुक्कामी 20 कोटी किमीची चूक. सुरुवातीलाच दुरुस्त केली तर आडवा धक्का सेकंदाला 145 मीटरचा पुरतो, अर्ध्या वाटेवर तीच चूक 290 मागते. इंधन वाचवायचं तर उशीर नको.

पण चूक झाली हे कळणार कसं? जवळचे तारे दूरच्यांच्या तुलनेत किती हलले ते मोजून. न्यू होरायझन्स यानाने 2020 मध्ये सुमारे 7 अब्ज किमीवरून प्रॉक्सिमाचे (सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचे) फोटो घेतले, त्यात तिची सरक उघड दिसते. मात्र आपल्या यानाच्या वेगात प्रवासाच्या दिशेशी काटकोनातले तारे 5.7 अंश पुढे झुकलेले दिसतात. ती वजाबाकी आधी करायची, नाहीतर पुढचं सगळं गणित वाया.

बारीक मापाला पल्सार, म्हणजे ठरावीक तालात किरणांचे ठोके देणारे, गरगर फिरणारे मृत तारे. 2017 मध्ये अंतराळ स्थानकावरच्या सेक्स्टंट प्रयोगाने फक्त पल्सारच्या क्ष-किरणांवरून जागा 16 किमीच्या आत काढली. गोची एकच: ठोके सगळे सारखेच. 5.76 मिलिसेकंदांच्या पल्सारचे दोन ठोके सुमारे 1,700 किमी अंतरावर असतात, आणि आपण कुठला ऐकतोय हे तो सांगत नाही. म्हणून वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या तालांचे चार-पाच पल्सार घ्यायचे. सगळ्यांचे ठोके एकाच वेळी जुळतील अशी जागा ताऱ्यांवरून काढलेल्या अंदाजाच्या आसपास एखादीच उरते.