अट तालाच्या वर्णमने अडवलेले आठ महिने

कर्नाटक संगीतातली 'कृती' (तिकडची मोठी गायनरचना) कधी सुरू करायची, हे मी माटुंग्याच्या आमच्या पाट्टु-मामींना, म्हणजे गाणं शिकवणाऱ्या मामींना, इतक्यांदा विचारलं की शेवटी त्या नुसतं "अट तालम" म्हणून विषय संपवायच्या, म्हणजे आधी अट तालातलं वर्णम पार पाड. तोपर्यंत सगळं सुरळीत होतं. सरळी वरिसै, जंट वरिसै (सरळ आणि जोडीच्या स्वरांचे पलटे), सात तालांचे अलंकार, गीतं, आदि तालातली तीन वर्णमं (थोडे शब्द आणि बरेच स्वर असलेल्या रचना). सुरुवातीचे धडे मायामालवगौळ रागात असतात. स्वर आपल्या भैरवाचेच, त्यामुळे मराठी कानाला जड जात नाहीत.

गाडी अडली ती 'विरिबोणी' या वर्णमपाशी. राग भैरवी, अट ताल, रचना अठराव्या शतकातली, पच्चिमिरियम आदिअप्पय्या यांची. हे तंजावरच्या मराठा दरबारातले. म्हणजे छळलं तेही आपल्याच माणसांच्या पदरी असलेल्याने!

पहिला घोळ नावाचा. आपली भैरवी तिकडच्या तोडीच्या जवळ जाते. तिकडच्या भैरवीत रिषभ आपला शुद्ध, गंधार-निषाद कोमल, आणि धैवत दोन: चढताना शुद्ध, उतरताना कोमल. सावकाश गाताना हे जमतं. वेग वाढला की 'नी ध प' उतरताना चढतीचा धैवत तोंडात येतो. वहीत उतरत्या प्रत्येक 'ध'भोवती लाल गोल करा, दुसरा उपाय मला सापडला नाही.

खरी अडचण हाताची. अट ताल १४ अक्षरांचा, म्हणजे मात्रांचा: ५, ५, २, २. पाचाच्या लघूत (टाळी आणि बोटांनी मोजायच्या भागात) एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. आदि तालाचा लघू चारचा, तो मधल्या बोटावर संपतो. दोन वर्षं तेच केलेलं असतं, त्यामुळे तर्जनी गळते आणि पुढची टाळी एक अक्षर आधी पडते. गाणाऱ्याला कळतही नाही, कारण हात गाण्यामागे फरफटत येतो आणि दोन्ही मिळून चुकतात. मग गाणं बाजूला ठेवून नुसतं 'तकतकिट तकतकिट तक तक' हातावर म्हणायचं. रोज १० मिनिटं, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही.

त्यावर दुगुन. हात त्याच लयीत, गळा दुप्पट. इथे सगळे एकच चूक करतात: गळ्याबरोबर हातही पळवतात. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्याला एक अक्षर, आणि दुगुनीत जाताना त्याला हात लावू नका. शब्दांवरून मोजायला जाल तर फसाल. वर्णमात शब्द थोडे, एकेक शब्द लांबच लांब ताणलेला. आधी स्वर म्हणा, मग तीच ओळ आकारात, शब्द सगळ्यात शेवटी.

दुगुनीत सगळी गमकं (स्वर हलवण्याच्या जागा) बसत नाहीत. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, ते गुरूंकडून ओळीओळीला विचारून घ्या. भैरवीचा गंधार आणि निषाद मात्र हलायलाच हवेत. ते सरळ लागले की राग गेला. पेटीवर ते सापडणार नाहीत, त्यामुळे घरी पेटी लावून रियाज करू नका. मी तीन आठवडे केला आणि तेवढेच विसरण्यात घालवले.

आठव्या महिन्यात दोन्ही काळांत (साध्या लयीत आणि दुगुनीत), न थांबता, हात न चुकता झालं. मामी म्हणाल्या, "परवाइल्लै." म्हणजे 'ठीक आहे'. मी घरी जाऊन पेढे आणले.

वहीबद्दल राहिलंच. वर्गातल्या मैत्रिणीच्या तमिळ वहीवरून साहित्य, म्हणजे रचनेचे शब्द, उतरवू नका. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ला एकच अक्षर, आणि साहित्य तेलुगू. गुरूंच्या तोंडून ऐकून देवनागरीत लिहा.

आणि पट्टी पहिल्याच महिन्यात ठरवून घ्या. तिकडे पट्टीला कट्टै म्हणतात: 'पाच कट्टै' म्हणजे आपली पांढरी पाच, 'साडेपाच' म्हणजे काळी चार. मंद्र पंचम ऐकू येईल इतका लागला आणि तार पंचमाला मान वर गेली नाही, तर ती पट्टी तुमची.