वाटीखालचा फासा

परवाच्या शनिवारी आमचे गुंडोपंत मरायला टेकले. उंची चार फूट, दाढी गुडघ्यापर्यंत, हातात कुऱ्हाड. गेली नऊ वर्षं दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी माझा एक मित्र गुंडोपंत होतो. एरवी तो बँकेत कर्जाच्या फायली तपासतो.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एकाने (म्हणजे मी) गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन आपण काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यात कुणी जिंकत नाही, त्यामुळे खेळ संपतही नाही. आईच्या मते ही घोड्यांची भातुकली आहे. मी वाद घालत नाही.

तर गुंडोपंतांचे तीनच हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव शिल्लक आहे त्याचा आकडा, उरले होते. त्याच्या वहीत त्या आकड्याची जागा खोडून खोडून इतकी झिजलीय, की मागच्या पानावरची अक्षरं दिसतात.

या हिट पॉइंटांची जन्मकथा मला भारी आवडते. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला डेव्ह आर्नेसन नावाचा इतिहासाचा विद्यार्थी होता. घराच्या तळघरात मित्रांना जमवून तो नेपोलियनच्या वगैरे लढाया खेळायचा. 1971 साली एका सुट्टीत त्याने पॉपकॉर्न खात राक्षसांचे सिनेमे बघितले, आणि पुढच्या खेपेला मंडळी तळघरात उतरली तर टेबलावर किल्ला! नाव ब्लॅकमूर. आले होते नेपोलियनसाठी, निघाले किल्ल्याखालच्या भुयारात.

सुरुवातीला एक घाव बसला की पात्र खलास. ते मंडळींना सोसेना. शंभर शिपाई कापले गेले तर कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही, पण एकाच माणसाला नाव दिलं, चार शनिवार जगवलं, की तो घरचाच होतो. आर्नेसनने आधी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांचा खेळ रचला होता. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, मार खात खात बुडतं. तोच हिशेब त्याने माणसाला लावला. थोडक्यात, आमचे गुंडोपंत मुळात जहाज आहेत.

त्याच टोळक्यात एकाचं पात्र व्हॅम्पायर झालं आणि कुणाला आवरेना. मग त्याला थोपवायला मंत्र म्हणणारा धर्मगुरू खेळात आणला. तो क्लेरिक आजही आहे. मित्राला तोंडावर 'आता पुरे' म्हणता येत नाही, म्हणून नियम काढायचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचे निम्मे नियम असेच झालेत.

1972 च्या शेवटी आर्नेसनने हा खेळ विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स या दुसऱ्या खेळ रचणाऱ्याला दाखवला, आणि 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन पुस्तिकांची पेटी छापून आली, प्रती 1000. पुढे दोघांचं कोर्टापर्यंत गेलं, ते जाऊ दे. कॅनडात इतिहासाच्या एका प्राध्यापकाने 1982 साली सुरू केलेली गोष्ट चाळीस वर्षं उलटली तरी चालूच होती. त्याला इतके शनिवार मिळाले कुठून, हे मला कुणीतरी सांगावं.

कारण आमचा क्लेरिक हल्ली डब्लिनला असतो. लॅपटॉपवर येतो. आमच्याकडे मिसळ, त्याच्याकडे सकाळची कॉफी. परवा गुंडोपंतांवर परशू उगारलेला, क्लेरिकने मंत्रासाठी तोंड उघडलं, आणि नेट गेलं. पडद्यावर नुसता आ. राक्षसाचा फासा मी टाकून बसलो होतो. कर्जवाल्याने झटकन त्यावर स्टीलची वाटी उपडी घातली. "तो येईस्तोवर कुणी बघायचं नाही."

तो आलाच नाही.

वाटी आता शोकेसमध्ये वरच्या फळीवर आहे, फाशासकट, ताटलीवर, जशीच्या तशी. बायकोने आमटीसाठी ती दोनदा उचलायला घेतली. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघरातून ओरडत धावलो.