तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेल घेऊ की पेट्रोल?

परवा बेळगावात भाजी घेताना अनगोळच्या एक ओळखीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, मुलगा डिझेलच म्हणतोय. घेऊ दे काय?" कोथिंबिरीची जुडी हातात धरून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. शिवाय हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा जण तरी विचारतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी गाडी आधीच बुक केलेली असते. त्यांना नुसतं "होय, बरोबर केलंत" ऐकायचं असतं. उरलेल्या निम्म्यांसाठी एकदा नीट लिहून टाकते.

मला का विचारतात? मी काही मेकॅनिक नाही, बँकेत कॅशियर होते. पण माझ्याकडे एक वही आहे.

२०१२ साली माझी निपाणी शाखेत बदली झाली होती. घर बेळगावात टिळकवाडीला, म्हणजे रोज जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. बसनं काही महिने काढले आणि दसऱ्याला डिझेल गाडी घेतली. निपाणीला नोकरीला जाणारे आणखी तिघे मिळाले, दोन शिक्षक आणि एक दुसऱ्या बँकेतले. चौघांत डिझेल वाटून घ्यायचं ठरलं. पैसे वाटायचे म्हटलं की वही आलीच, आणि कॅशियरच्या हातात वही आली की ती नीटच लिहिली जाते. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा टिपायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची आणि जितके लिटर बसले त्यांनी किलोमीटरना भागायचं. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर मी कधी विसंबले नाही, ते नेहमी थोडं लाडात येऊन सांगतं. आमच्या नेहमीच्या पंपावरचा पोरगा मला बघितलं की आधीच म्हणायचा, "मॅडम, झीरो नोड्री!" म्हणजे झीरो बघून घ्या.

त्या वहीतला पहिला हिशोब असा. पेट्रोल तेव्हा पंचाहत्तरीच्या थोडं पुढे, डिझेल पन्नाशीत. माझ्या गाडीचंच पेट्रोल मॉडेल हायवेला पंधराचं ॲव्हरेज देत होतं, म्हणजे किलोमीटरला पाच रुपये. माझी डिझेल गाडी वीस द्यायची, म्हणजे अडीच रुपये. किलोमीटरमागे अडीच रुपयांची बचत. महिन्याला तेहतीसशे किलोमीटर व्हायचे, म्हणजे सव्वाआठ हजार रुपये. डिझेल गाडीला जास्तीचे एक लाख दहा हजार मोजले होते, ते चौदा महिन्यांत वसूल झाले. वंटमुरीचा घाट, तवंदीचा घाट, गाडीत चार माणसं आणि डिकीत शिक्षकांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तरी गिअर बदलायला लागायचा नाही. त्या पाच वर्षांत मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून डिझेल म्हटलं असतं. म्हणतही होते.

गोम इथेच आहे. लोकांच्या डोक्यात अजून तो २०१२ चा हिशोब बसलाय. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये होतं. एका लिटरमागे बत्तीस रुपयांचं अंतर! पेट्रोलचा भाव सरकारनं जून २०१० मध्येच मोकळा सोडला होता, डिझेलचा मात्र ट्रक, बस आणि शेतीपंपांसाठी धरून ठेवला होता. त्या सावलीत आम्ही मोटारवाले आयते बसलो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं सोडलं आणि ती सावली सरकली. जून-जुलै २०२० मध्ये तर दिल्लीत महिनाभर डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होतं. आपल्याकडे तेवढं झालं नाही, पण बत्तीसचं अंतर आता बाराच्या आसपास आलंय.

मग उरतं काय? डिझेल इंजिनाचा स्वतःचा गुण उरतो, आणि तो खरा आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे एका लिटरात उष्णताही दहा-बारा टक्के जास्त. शिवाय त्या इंजिनात हवा इतकी जोरात दाबली जाते की ठिणगीशिवाय डिझेल पेट घेतं, आणि त्या दाबामुळे तेवढ्याच उष्णतेतून काम जास्त निघतं. म्हणून भाव उद्या सारखे झाले तरी डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा पुढेच जाईल. किती पुढे, एवढाच प्रश्न.

आता आजचा हिशोब. पेट्रोल १०३ आणि डिझेल ९१ धरलंय, तुम्ही वाचाल तेव्हा पंपावर जे असेल ते घाला. नवी पेट्रोल गाडी मिश्र रस्त्यावर सतरा देते असं धरू, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये सहा पैसे. डिझेल एकवीस, म्हणजे चार रुपये तेहतीस पैसे. बचत एक रुपया सत्तर पैशांच्या घरात.

गाडीच्या किमतीतला फरक बघताना आपल्या कर्नाटकातली एक मेख लक्षात ठेवा, ती शोरूमवाला स्वतःहून सांगत नाही. महाराष्ट्रात रोड टॅक्स इंधन बघून लागतो, डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. आपल्याकडे तो किमतीच्या पायऱ्यांवर लागतो. पाच ते दहा लाखांपर्यंत १४ टक्के, दहाच्या वर वीसपर्यंत १७ टक्के, वर सेस वेगळा. समजा पेट्रोल गाडी नऊ लाख वीस हजारांची आणि तीच डिझेलमध्ये दहा लाख चाळीस हजारांची आहे. दिसायला फरक एक लाख वीस हजारांचा. पण डिझेल गाडी पायरी ओलांडून वर गेली, म्हणून टॅक्स एक लाख २८ हजार ८०० वरून एक लाख ७६ हजार ८०० झाला. सेस धरून एकूण फरक पावणेदोन लाखांच्या आसपास जातो. कोल्हापूरचे पाहुणे त्यांच्या एमएच ०९ गाडीचा हिशोब सांगून आपल्याला शहाणं करायला येतात, तेव्हा त्यांना चहा द्यावा आणि आपला केए २२ चा हिशोब आपण करावा.

बेळगावात घर आणि बेळगावातच दुकान असलेला माणूस वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवतो, त्यात गोवा दोनदा आणि पंढरपूर एकदा आलं. त्याची इंधनातली बचत साडेतेरा हजार. डिझेलच्या सर्व्हिसिंगचे तीन हजार जास्तीचे त्यातून काढा, साडेदहा राहिले. पावणेदोन लाखांना साडेदहा हजारांनी भागा. साडेसोळा वर्षं. आणि गाडीची आरसी असते पंधरा वर्षांची.

जो वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालवतो, उदाहरणार्थ चिकोडी-अथणीकडे रोज फिरणारा औषधांचा एजंट, त्याचे पैसे साडेचार वर्षांत वसूल. पुढे निव्वळ फायदा, आणि विकताना खेड्यात डिझेल गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळतं ते वेगळं. त्यानं डिझेल घ्यावी, माझ्याकडे विचारायला यायचीही गरज नाही.

टोल आणि टायरला इंधनाची जात कळत नाही. विम्यातला थर्ड पार्टीचा हप्ताही इंजिनाच्या सीसीवर ठरतो. गाडीच्या किमतीवरचा भाग मात्र डिझेलला वाढतो. आणि दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते म्हणून कुणी घाबरवलं तर तो दिल्ली आणि आसपासचा नियम, आपला नव्हे. तो माणूस बहुधा फोनवर बातम्या बघून आलेला असतो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट, कारण आकड्यांपेक्षा लोकांना ती पटते.

भाच्यानं २०२१ मध्ये डिझेल गाडी घेतली. तेव्हा मी वही उघडून दाखवली होती, पण "मावशी, डिझेलचा पिकअप वेगळाच" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच आहे. तो राहतो अनगोळात, दुकान खडेबाजारात. जायला चार किलोमीटर, यायला चार. त्यातला अर्धा वेळ रेल्वे गेटला आणि गोगटे सर्कलला उभं राहण्यात. वर्षभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस सहा नियमाच्या गाड्या आल्या, तेव्हापासून डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. अडवलेली काजळी जाळून टाकायची, तर धूर सहाशे अंशांपर्यंत तापायला लागतो. गाडी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळाली की ते आपोआप होतं. चार किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही, तर जाळी कसली तापते! मग गाडी जाळी तापवायला जास्तीचं डिझेल सोडते, तेवढ्यात आपण दुकानापुढे गाडी बंद करतो, आणि ते न जळलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी होण्याऐवजी वाढायला लागतं. माझ्या २०१२ च्या गाडीला ही भानगड नव्हती. म्हणून जुन्या डिझेलवाल्यांचा अनुभव नव्या डिझेलला लावू नका. हे मी माझ्याविरुद्धच सांगतेय.

पहिल्यांदा गॅरेजमध्ये जाळी साफ करून घेतली आणि बिल बघून भाचा दोन दिवस गप्प होता. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा तो उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री बोनेटसुद्धा उघडेना. म्हणाला, "हायवेला घाला आणि पळवून आणा. मध्ये थांबू नका."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी रविवारी ते घरदार गाडीत बसतं आणि हायवेनं निघतं. काकती, होनगा, वंटमुरीचा घाट, आणि हत्तरगीच्या टोलच्या अलीकडे वळून परत. टोल कशाला द्यायचा, काजळी जाळायला? नाश्ता परतीच्या वाटेवर, कारण जाताना थांबायचं नाही अशी मिस्त्रीची आज्ञा. साठ-सत्तर किलोमीटरचं डिझेल, चार माणसांचे डोसे, कॉफी. भाचेसून म्हणते, "मावशी, आमच्या गाडीला महिन्यातून दोनदा तीर्थयात्रा असते." मी तिला म्हटलं, हेही वहीत लिही. तिनं लिहिलं. डोसे धरून त्यांचं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग पडतं.

आता सीमेवरच्या लोकांचा खास आजार, दोन रुपयांसाठी हद्द ओलांडण्याचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकानं पेट्रोल-डिझेल सात रुपयांनी उतरवलं आणि महाराष्ट्रानं लगेच उतरवलं नाही, तेव्हा कागल-कोल्हापूरकडच्या गाड्या कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर रांग लावायच्या. ट्रकवाल्यांचं ठीक आहे, त्यांची टाकी तीनशे लिटरची. पुढे जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोल आणि डिझेलवर साधारण तीन-तीन रुपये वाढवले, एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी दोन. डिझेलचं ते अंतर आता जवळजवळ पुसलं गेलंय, तरी सवयीनं लोक थांबतात. आम्ही बेळगावकरही काही कमी नाही. गोव्याला गेलो की चोर्ला घाट चढायच्या आधी साखळीत टाकी फुल्ल करायची, कारण तिथं पेट्रोल पाच-सहा रुपयांनी स्वस्त. तीस लिटरमागे दीड-पावणेदोनशे रुपये वाचतात. वाटेत असाल तर जरूर भरा. माझे दीर मात्र एकदा खास भाव बघून वाकड्या वाटेनं वीस किलोमीटर जास्त गेले होते, आणि तो हिशोब त्यांनी मला अजून दाखवलेला नाही.

पेट्रोलवाल्यांनीही फार खूश होऊ नये. डिझेल विकून २०१९ मध्ये घेतलेली माझी पेट्रोल गाडी आधी पावणेसतरा द्यायची, आता सोळाच्या खाली आली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. सगळा दोष त्याचाच असं नाही, टायर जुने झालेत, गाडीही जुनी झालीय. पण संकेश्वरकडचे आमचे एक पाहुणे, ज्यांचा सगळा ऊस कारखान्याला जातो, ते दर भेटीत "पेट्रोलात काहीतरी मिसळतात हो, ॲव्हरेजच पडंना" म्हणून तक्रार करतात. मी त्यांना म्हटलं, "तुमचा ऊसच मिसळलाय त्यात." ते हसले, पण ऊस कमी लावतो म्हणाले नाहीत.

तर अनगोळच्या बाई, तुमचा मुलगा रोज कुठं जातो ते तुम्ही मला सांगितलंच नाहीत. तो गावातल्या गावात उद्यमबागेत जात असेल तर पेट्रोल. धारवाडला रोज जाऊन-येऊन करत असेल तर डिझेल, आणि गाडीत बसवायला दोघं-तिघं शोधायला सांगा.

माझी जुनी डिझेल गाडी खानापूरकडच्या एकानं घेतली. विकली तेव्हा मीटरवर दोन लाखांच्या वर आकडा होता. मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या बाजारात ती दिसली, मागची सीट काढून टाकलेली आणि आत भाजीची पोती. नंबर ओळखला म्हणून थांबले. मालक होता तिथेच. सवयीनं विचारलं, "अजून किती देते?"

"कुणाला ठाऊक, अक्का," तो म्हणाला. "मीटर कधीच बंद पडलाय."