राव्हेन्ना: दोन रात्री, एकही चढ नाही

ताईच्या अटी तीन होत्या. चढ नको, पुलांच्या पायऱ्या नकोत, आणि सकाळी सहाची गाडी नको.

आम्ही दोघी बहिणी ऑक्टोबरात इटलीत बोलोन्याला भाचीकडे मुक्कामाला होतो. तिची परीक्षा जवळ आलेली, घर म्हणजे दीड खोली, आणि रोज सकाळी सातला आमची भांडी वाजायला सुरुवात. चार दिवस तिने सोसलं. मग म्हणाली, "मावशी, आईला घेऊन दोन दिवस कुठेतरी जाऊन ये ना."

ताई बँकेतून निवृत्त झालेली. तिने लगेच चौकटीची वही काढली. व्हेनिस पहिल्याच फेरीत बाद, दर दोन मिनिटांनी पूल आणि पुलाला पायऱ्या. बेर्गामोचं जुनं गाव टेकडीवर. वर न्यायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, आहे, पण वर पोचल्यावरही रस्ते चढउताराचेच. मांतोव्हा मला हवं होतं, पण गाडी बदलावी लागत होती. उरलं राव्हेन्ना. बोलोन्याहून थेट पॅसेंजर गाडी, सव्वा तासाच्या आसपास, आणि गाव तव्यासारखं सपाट. या साध्या गाड्यांचं भाडं विमानासारखं वरखाली होत नाही, त्यामुळे तिकीट आधी काढून ठेवायची घाई नसते. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्यायची.

बहुतेक लोक राव्हेन्ना एका दिवसात उरकतात. माझं मत विचाराल तर करू नका. आम्ही दोन रात्री राहिलो आणि तेवढ्या लागल्याच. बघायचं सगळं चालण्याच्या अंतरात आहे, पण भिंती-छतांवरची मोझाईक, म्हणजे काच-दगडांच्या तुकड्यांची चित्रं, बघून मान दुखते, हे कुणी सांगत नाही.

सान व्हिताले चर्च, गाला प्लाचिदियाची समाधी, सांत'अपोल्लिनारे नुओव्हो चर्च आणि निओनियन बाप्तिस्मागृह यांचं तिकीट एकत्र मिळतं. मात्र समाधी आणि बाप्तिस्मागृहाला वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि आत मिळतात पाच मिनिटं. ही वेळ ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं ठेवली. नकाशावर अंतर तेवढंच दिसत होतं. पण नकाशाला ताईचे गुडघे माहीत नव्हते.

गाला प्लाचिदियाची समाधी बाहेरून एखाद्या जुन्या पंपहाऊससारखी दिसते. विटांची, बसकी, कुठे नक्षी नाही. दारातून वाकून आत गेलो आणि काही क्षण काहीच दिसेना. खिडक्यांना काच नाही, संगमरवरासारखा अलाबास्टरचा पातळ दगड बसवलाय. त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे सरावले तसं वर गडद निळं छत उमटायला लागलं. त्यात सोनेरी चांदण्यांची वर्तुळं आणि मधोमध क्रूस. खाली एका कमानीत दोन कबुतरं पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसलेली. पाचव्या शतकातलं हे काम. जिच्या नावाने ही समाधी ओळखली जाते ती सम्राटकन्या 450 मध्ये रोममध्ये वारली, आणि बहुधा तिला इथे पुरलेलंच नाही. ताई भिंतीला टेकून उभी होती. "पाच मिनिटं कमी आहेत," एवढंच बोलली.

त्याच आवारात सान व्हिताले आहे. अष्टकोनी, 547 साली पूर्ण झालेलं. इथे समोरासमोरच्या भिंतींवर सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यानिशी उभे आहेत. दोघांपैकी एकानेही राव्हेन्नात पाऊल ठेवलेलं नव्हतं. सोन्याचे तुकडे कसे बनवतात ते मी वाचून गेले होते: काचेवर सोन्याचा वर्ख, त्यावर पुन्हा काचेचा पातळ थर. बसवताना ते एका पातळीत न बसवता जरा तिरपे बसवतात, म्हणून आपण एक पाऊल सरकलो की चमक भिंतीवरून पुढे सरकते. ताईने नोकरीत वर्षानुवर्षं सोनंतारण कर्जाचं टेबल सांभाळलंय. ती दहा मिनिटं डावीउजवीकडे डोलत होती. मग म्हणाली, "वजन काहीच भरणार नाही गं. सगळी करामत बसवण्याची."

बाप्तिस्मागृहाची वेळ अर्थातच चुकली. दारावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं, मी मान खाली घातली. पण गावात बाप्तिस्मागृहं दोन आहेत. दुसरं, ख्रिस्ती धर्मातल्या एरियन पंथाचं, गॉथ राजा थिओडोरिकच्या काळातलं, स्टेशनाकडे जाताना एका गल्लीत लागतं. रस्त्याची पातळी शतकांत वर आली, हे खालीच राहिलं, म्हणून खड्ड्यात उभं असल्यासारखं दिसतं. वर घुमटात येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग: कंबरभर पाण्यात उभा येशू, अगदी कोवळा, दाढीही न फुटलेला. बाजूला यॉर्दन नदी म्हणून एक म्हातारा बसवलाय, आणि त्याच्या डोक्यातून खेकड्याच्या लाल नांग्या बाहेर आल्यात! आम्हा वसईकडच्यांना नदी आणि खेकडा हा हिशोब लगेच पटतो.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी लोक फसतात ते इथेच. या भागाची पियादिना म्हणजे आपली मैद्याची जाडसर पोळी, तव्यावर भाजून मधे चीज घालून देतात. दिसायला निरुपद्रवी. पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते, तिला म्हणतात स्त्रुत्तो. तेव्हा "सेन्झा स्त्रुत्तो" हे दोन शब्द पाठ करून जा. तेलातली मिळते. त्यात स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, सैलसर चीज घ्या. ताई अंडं खाते म्हणून तिला पास्सातेल्लीही खिलवायची होती. पावाचा चुरा, अंडी आणि चीज मळून सोऱ्यातून पाडतात, हुबेहूब जाड शेव! पण ती बहुतेक ठिकाणी मांसाच्या सुपात येते. एका खानावळीत सुपाशिवायची मिळाली. आणि हो, अडीच वाजले की स्वयंपाकघरं बंद, ती थेट सातला उघडतात. ताईच्या पर्समधला लाडवांचा डबा ऐन साडेचारला कामी आला.

संध्याकाळी कवी दान्तेच्या समाधीवर गेलो. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केलं, तो 1321 मध्ये राव्हेन्नात वारला. नंतर फ्लॉरेन्सला अस्थी हव्या झाल्या, तेव्हा इथल्या साधूंनी त्या लपवून ठेवल्या. त्या सापडल्या थेट 1865 मध्ये. फ्लॉरेन्समध्ये आजही त्याची भव्य समाधी आहे, पण रिकामी. इथल्या दिव्याचं तेल मात्र फ्लॉरेन्सच पुरवतं. "म्हणजे दंड अजून चालू आहे," ताई म्हणाली. शेजारच्या सान फ्रांचेस्को चर्चच्या तळघरात कायम पाणी असतं. नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि तळाशी मोझाईकची फरशी, वर सोनेरी मासे फिरताना दिसतात. जमीन खचतेय आणि खालून पाणी चढतंय, त्याचा हा पुरावा.

दुसऱ्या दिवशी सांत'अपोल्लिनारे नुओव्हो. ज्यासाठी मी आले होते ते इथे. दोन्ही भिंतींवर लांबच लांब रांगा: एकीकडे 26 हुतात्मे, दुसरीकडे 22 कुमारिका. पण मी मान वळवून उभी होते ती दाराजवळच्या राजवाड्याच्या चित्रापाशी. थिओडोरिकने हे चर्च बांधलं तेव्हा त्या कमानींमध्ये दरबारी माणसं होती असं मानतात. 540 मध्ये जस्टिनियनच्या बायझंटाइन सैन्याने शहर घेतलं, आणि पुढे ती माणसं खरवडून काढून त्या जागी पडदे बसवले. काम नीट झालं, फक्त खांबांवरून पुढे आलेले हात राहून गेले. एका पांढऱ्या खांबावर मनगटापासून पुढचा हात, चार बोटं स्पष्ट, बाकी माणूस नाही. मी ताईला दाखवला. तिला आधी दिसेना, मग एकदा दिसला तसे तिने स्वतःच बाकीचे शोधून काढले.

समोरच्या भिंतीवर दुसरं चित्र: क्लासे बंदर. तटबंदी आणि पाण्यात तीन जहाजं. ऑगस्टसच्या काळापासून रोमन आरमाराचा तळ इथे होता. दलदल आणि समुद्र असं दुहेरी संरक्षण म्हणून तर 402 मध्ये सम्राट होनोरियसने राजधानी मिलानहून इथे हलवली. दुपारी आम्ही रिमिनीकडे जाणारी गाडी धरून पुढच्याच क्लासे स्टेशनवर उतरलो. तिथलं सांत'अपोल्लिनारे चर्च 549 चं. आतला हिरवागार अर्धघुमट, हात पसरून उभा संत आणि पायाशी दोन्ही बाजूंना सहा-सहा मेंढ्या, हे सगळं एकट्याने बघायला मिळतं इतकी शांतता.

बाहेर आलो तर चहूकडे शेतं. समुद्र गाळाने मागे हटत हटत कित्येक किलोमीटर पूर्वेला गेलाय. ताई बाकावर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. "बंदर होतं ना इथे? मग बोटी लागायच्या कुठे?"

"तू बसलीस तिथेच, कदाचित."

"आपल्या नालासोपाऱ्यासारखं."

खरंच तसं. सोपारा हेही एके काळचं नामांकित बंदर. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला. आणि आता स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं तर समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

परतीच्या गाडीत ताईने वही उघडून खर्च लिहिला. हॉटेलात माणशी दर रात्रीचा नगरपालिकेचा कर वेगळा घेतात, तो तिने लाल पेनाने मांडला. मग पान उलटून 'राहिलेलं' असा मथळा घातला. खाली पहिली ओळ होती 'निओनियन बाप्तिस्मागृह'. दुसरी ओळ लिहिताना तिने वही माझ्यापासून जरा वळवून धरली.

"काय लिहितेस?"

"स्तूप. बेचाळीस वर्षं विरारला राहतेय, एकदा गेले नाही."

"रिक्षा थेट दारात जाते," मी म्हटलं.

"चढ आहे का?"