अडुसष्टावा दिवस

दर एप्रिलात पटवाऱ्याकडे माझी एक खेप ठरलेली. (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झाले, पण आमच्या यवतमाळकडे पटवारी तो पटवारीच.) उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. नवा काढून ठेवला नाही तर पगार अडकेल, ही धास्ती. पगार म्हणजे विधवा म्हणून मला मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये. बँकेसमोर बाया एकमेकींना तसंच विचारतात, "पगार पडला का वं?"

पटवारीभाऊ दरसाल एकच विचारतात, "ताई, वीस लिहू ना?" मी मान हलवते. वीस हजार, आणि तेही वर्षाचे. निराधार ठरायला कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं.

यंदा दाखला टेबलावर ठेवला आणि आठवीतल्या लेकीनं तो उचलला. तिला आकडा दिसला की हात शिवशिवतात. वीस हजार भागिले तीनशे पासष्ट. चोपन्न रुपये आणि काही पैसे. "म्हणजे माय, आपण तिघं दिवसाले चोपनात?" मी म्हटलं, अभ्यास कर.

पण रात्री मीच पेन घेऊन बसले. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. तेव्हा सरकार म्हणायचं, शंभर दिवस काम मागा. सदुसष्ट दिवस केलं तर २०,९०४ होतात. अडुसष्टाव्या दिवशी २१,२१६. म्हणजे सरकारच्याच कामावर, सरकारच्याच मजुरीनं, अडुसष्टाव्या दिवशी मी निराधार उरत नाही. त्या दिवशी संध्याकाळी असा कोणता आधार येऊन दारात उभा राहतो, कोण जाणे.

खरा हिशेब सांगते, इथं माझं नाव नाहीच. निंदणाचे साठेक दिवस, अडीचशेनं, पंधरा हजार. कापूस वेचणीचे साडेबारा. फॉल-पिको आणि ब्लाऊजचे महिन्याला दीड हजाराच्या आसपास. सगळं मिळून पंचेचाळीसेक हजार. यात दोन लेकरं शिकवायची. तर दाखल्यावरचे वीस हजार खोटे आहेत आणि मी गरीब आहे हे खरं आहे. दोन्ही एकाच कागदावर बसवायची कला पटवारीभाऊंना येते. मी त्यांना दोष देत नाही.

जाऊबाईंना लाडकी बहीणचे तेवढेच १,५०० येतात. त्यांच्या घरात दीर कमावतात, शेत आहे. तिथं उत्पन्नाची हद्द अडीच लाख. त्यांना मिळतात त्याचं मला वाईट वाटत नाही. बाईच्या हाती पैसा येतो ते चांगलंच. पण एकाच पंधराशेला दोन मापं कशी? "सोडून दे ना ते निराधार, आमच्यात ये," असं त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या योजनेतून १,५०० घेणारीला तिथं जागा नाही, आणि हातचं सोडून नव्याच्या मागं जायची माझी हिंमत झाली नाही. पुढं २०२४ च्या ऑक्टोबरात अर्जच बंद झाले. नंतर ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागायला लागले तेव्हा वाटलं, बरंच झालं. माझे दोघंही नाहीत.

एक जुनी गंमत. जुलै २०२३ च्या आधी निराधारचे हजार होते. विधवेला एक लेकरू असलं तर ११००, दोन असली तर १२००. म्हणजे माझ्या धाकट्याची सरकारी किंमत महिन्याला शंभर. मग विधवांना सरसकट पंधराशे झाले. रक्कम वाढली, पण लेकरं हिशेबातून गेली.

लेकरांसाठी वेगळी योजना आहे हे मला कोणत्याच कचेरीनं सांगितलं नाही, शाळेतल्या बाईंनी सांगितलं. बाल संगोपन. आई किंवा बाप नसलेल्या मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत महिन्याला २,२५०. दोघांचे साडेचार हजार, माझ्या पगाराच्या तिप्पट! गावात माझ्यासारख्या आणखी चौघी आहेत, एकीलाही ठाऊक नव्हतं. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक, आणि एक फोटो, घरासमोर, लेकरांसोबत.

फोटो चुलतदिरानं मोबाईलवर काढला. सेतूवाला पोरगा म्हणाला, "काकू, मागं मोटरसायकल दिसून राहिली. दुसरा काढा." गाडी दिराची होती. पण फोटोत ती माझीच वाटते, हेही खरं.

मग गाडी हलवली, दोरीवरची साडीही काढली. धाकट्यानं विचारलं, "माय, हासू का?" मी म्हटलं, "नको."

तो हसलाच. तोच फोटो लावला. फाईल देऊन तीन महिने झाले.